तुमच्या कुठल्या निर्णयाने अजून झोप उडते? वेस्टर्न आरपीजी, त्यातली गोष्ट आणि आपली निवड (रहस्यभेद आहे, जपून वाचा)

रातकिडा

बरेच दिवस हा धागा काढायचा होता. इथे गेमिंगवर बोलणं सुरू झालं की ग्राफिक्स कार्ड नाहीतर सेलमधल्या किमती याच्यावरच गाडी जाते, गोष्टीबद्दल कोणी बोलत नाही. म्हणून आज फक्त गोष्टीबद्दल. वेस्टर्न आरपीजीमध्ये, म्हणजे पाश्चात्त्य देशांतल्या ज्या गेममध्ये आपण एक पात्र होऊन गोष्ट जगतो त्यांत, निर्णय आपल्याला घ्यायला लावतात, त्या निर्णयांचं पुढे काय होतं आणि त्यातला कुठला मनात घर करून बसतो, एवढंच बोलू.

माझ्यापासून सुरुवात करतो. विचर ३ हा गेम, २०१५ चा. वेलेन नावाचा दलदलीचा मुलूख, दोन राज्यांच्या लढाईत चेंगरलेला, झाडांना माणसं टांगलेली. तिथे एक फुटकळ सरदार आहे, सगळे त्याला ब्लडी बॅरन म्हणतात. आपण, म्हणजे नायक गेराल्ट, त्याच्या मानलेल्या मुलीला, सिरीला, शोधत असतो, तिची खबर त्याच्याकडे असते, पण तो म्हणतो आधी माझी बायको ॲना आणि मुलगी तमारा शोधून दे. मग हळूहळू कळत जातं की त्या हरवलेल्या नाहीत, पळून गेल्यात. हा दारू पिऊन बायकोला मारायचा आणि तिचा गर्भ पडला होता.

मी हे खेळत होतो तेव्हा आई मागे पलंगावर भाजी निवडत बसली होती. तिला गेममध्ये काडीचा रस नाही, पण बॅरन बोलायला लागला की तिचे हात थांबायचे. तो रडतो ना, स्वतःची बाजू सांगतो, युद्धावरून आलो, तिचं दुसऱ्यावर प्रेम होतं वगैरे. मला त्याची दया येत होती, खरंच येत होती. आई म्हणाली, "सगळे असंच सांगतात." एवढंच बोलली आणि परत मेथी निवडायला लागली.

त्यात एक प्रसंग आहे. ते पडलेलं मूल नीट पुरलं नाही, नावही ठेवलं नाही, म्हणून त्याचं भूत झालंय. बॅरनला ते हातात उचलून घरापर्यंत आणावं लागतं, नाव द्यावं लागतं, आणि उंबरठ्याखाली पुरावं लागतं म्हणजे ते घराचं राखण करतं. स्लाव लोककथांमधून आलंय हे, पण उंबरठा म्हटल्यावर आपल्याला काही समजावून सांगावं लागत नाही. पाऊस पडतोय, तो दारुडा धिप्पाड माणूस ते किळसवाणं पोर छातीशी धरून चालतोय आणि आपण बाजूने. आई तेव्हा काहीच बोलली नाही.

आता माझा निर्णय. पुढे एका टेकडीखाली झाडात अडकवलेला एक आत्मा भेटतो. तो म्हणतो मला सोडव, मी दलदलीतल्या अनाथ मुलांना वाचवतो. गावकरी म्हणतात मारून टाक, ती दुष्ट शक्ती आहे. ती मुलं मी पाहिलेली होती, त्यांच्याशी लपाछपी खेळलो होतो. मी सोडवलं. मुलं वाचली. पण त्या आत्म्याने डाउनवॉरन गाव फाडून काढलं, आणि मुलं गायब झाली म्हणून दलदलीतल्या चेटकिणींनी ॲनावर शाप टाकला, ती मेली. हे सगळं लगेच नाही कळत, मध्ये मी इतर कामं करत हिंडत होतो. नंतर बॅरनच्या वाड्यावर परत गेलो तर तो अंगणातल्या झाडाला लटकत होता.

मागची सेव्ह फाइल शोधली, पण ती इतक्या तासांपूर्वीची होती की परत जाण्यात अर्थ नव्हता. आणि परत जाऊन करणार काय? आत्म्याला मारलं तर बॅरन वाचतो पण मुलं जातात.

मला म्हणायचंय ते असं की निवड म्हणजे शेवट किती आहेत हे मोजायचं नसतं. मी त्या मुलांशी खेळलो होतो म्हणून मी तसं ठरवलं, आणि गेमने ते लक्षात ठेवलं आणि उशिरा, मी बेसावध असताना, माझ्यासमोर आणून ठेवलं. पुस्तक वाचताना मी बॅरनला दोष दिला असता नाहीतर चेटकिणींना. इथे कोणाला देऊ?

तुमचे निर्णय सांगा.

चहाबिस्कीट

+१ बॅरन. मी आत्म्याला मारलं होतं. नंतर त्या रिकाम्या झोपड्या बघून गेम दोन दिवस बंद ठेवला.

बाभूळ

छान धागा. रातकिडा, तुमच्या आईचं वाक्य डोक्यात राहिलं.

माझा निर्णय ड्रॅगन एज ओरिजिन्समधला आहे, २००९ चा गेम, कॅनडातल्या बायोवेअरचा. यात सुरुवातच सहा वेगवेगळ्या ठिकाणांहून करता येते. तुम्ही कोण म्हणून जन्मलात त्याप्रमाणे सुरुवातीचा भाग पूर्ण वेगळा. मी बुटक्यांमधला जातीबाहेरचा म्हणून सुरू केला. मुद्दाम केला.

ऑर्झमार नावाचं जमिनीखालचं शहर. तिथे जाती आहेत, गेममध्ये शब्दच कास्ट आहे. सरदार, योद्धे, लोहार, व्यापारी, नोकर, आणि सगळ्यांच्या खाली जातच नसलेले. त्यांच्या तोंडावर जन्मताच डाग देतात म्हणजे कुठे लपायला नको. राहायचं ते डस्ट टाउनमध्ये, काम मिळत नाही, हत्यार धरायचा हक्क नाही. मुलगा बापाची जात घेतो, मुलगी आईची. म्हणून या वस्तीतल्या बायकांपुढे एकच वाट, सरदाराचा मुलगा पोटी आला तर सगळं कुटुंब वर उचललं जातं. आपली बहीण रिका, तिला वस्तीतला गुंड याच कामासाठी तयार करतोय. नवे कपडे, बोलायची पद्धत, सगळं. आणि आपण घरी आलो की ती आपल्याशी इतकी मायेने बोलते.

मग एक कुस्तीसारखी मोठी स्पर्धा असते, आपल्याला तिथे लढायची बंदी. ज्याने लढायचं तो दारू पिऊन पडलेला, तर आपण त्याचं चिलखत घालून उतरतो आणि जिंकतो. एकेक योद्धा पाडतो. मग आपण कोण ते उघडं पडतं आणि सगळा आखाडा चिडतो. हरलो म्हणून कोणी चिडलेलं नाही, जिंकलो म्हणून चिडलेत. थेट कोठडी. मी हा भाग खेळताना खुर्चीत सरळ बसलो होतो. परदेशात बसून लिहिणाऱ्या लोकांना हे कुठून सुचलं मला माहीत नाही, पण आमच्या आजोबांनी सांगितलेल्या गोष्टी आणि हे यात मला फरक दिसला नाही.

आता निवड. पुढे ग्रे वॉर्डन, म्हणजे राक्षसांशी लढणाऱ्या पथकातले, होऊन आपण परत त्याच शहरात येतो तेव्हा राजा मेलेला, गादीसाठी दोघे भांडतायत. हॅरोमाँट, वयस्कर, सभ्य, शब्दाचा पक्का. आणि भेलेन, राजाचा धाकटा मुलगा, ज्याने गादीसाठी स्वतःच्या थोरल्या भावाचा काटा काढलाय. साधारण खेळणारा हॅरोमाँटकडे जातो, दिसतंच की चांगला माणूस. शेवटी पडद्यावर मजकूर येतो तेव्हा कळतं की चांगल्या माणसाने दारं बंद केली, जातीचे नियम आणखी घट्ट केले. भेलेन हुकूमशहा झाला, सरदारांची सभा गुंडाळली, पण बाहेरच्यांशी व्यापार सुरू केला आणि जातीबाहेरच्यांना लढायचा हक्क आणि त्याबरोबर थोडी मोकळीक दिली.

माझी गंमत म्हणजे मी परत आलो तेव्हा रिका राजवाड्यात होती, भेलेनचा मुलगा तिच्या मांडीवर. ती खूश होती. मी काय हॅरोमाँटला मत देणार? पण माझा मित्र बुटका सरदार म्हणून खेळला होता, त्या सुरुवातीत भेलेन त्यालाच भावाच्या खुनात अडकवतो आणि अंधाऱ्या बोगद्यांत मरायला टाकतो. तो भेलेनला कधीच गादी देणार नाही. तेच दोन पर्याय, तोच मजकूर, आणि आम्ही दोघं रात्री दोनपर्यंत फोनवर भांडलो. त्याचं म्हणणं खुनी तो खुनी. माझं म्हणणं सभ्य माणसांनी आमचं काय भलं केलं.

तेव्हापासून मला कोणी चांगला पर्याय वाईट पर्याय असं बोललं की मी आधी विचारतो, कोणासाठी चांगला?

चहाबिस्कीट

बाभूळ, तीनदा वाचला प्रतिसाद. मी मानव सरदार म्हणून खेळलो आणि हॅरोमाँटला गादी दिली, पाच मिनिटंही विचार केला नाही.

निवांत

मी थोडं उलट बोलतो, राग नसावा.

मला वाटतं या निवडीचं फार कौतुक होतं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात जिव्हारी लागलेला प्रसंग फायनल फँटसी ७ मधला आहे, १९९७, नायकाची सोबतीण एअरिथ मरते तो. तिथे मला कोणी काही विचारलं नाही. मी काहीही केलं असतं तरी ती मरणारच होती आणि म्हणूनच ते लागलं. लिहिणाऱ्याने ठरवलं आणि मला सोसावं लागलं. तिथे वाचवायचं बटण दिलं असतं तर सगळ्यांनी तेच दाबलं असतं आणि आज तिची कोणाला आठवण राहिली नसती.

आणि ज्या ड्रॅगन एजचं बाभूळ बोलतायत त्यातच रेडक्लिफचा प्रसंग बघा. कॉनर नावाचा लहान मुलगा, त्याच्या अंगात सैतान शिरलाय. एक तर पोराला मारा, नाहीतर त्याच्या आईचा बळी देऊन जादू करा. भयानक पेच. मी खरंच उठून पाणी पिऊन आलो. मग कळलं तिसरा पर्याय आहे, लांबच्या मनोऱ्यातून जादूगार घेऊन या. म्हटलं ठीक, पण मी जाऊन येईपर्यंत तो सैतान गावाची वाट लावणार, ही त्याची किंमत. गेलो, आलो, काहीच झालं नव्हतं! सगळे जागच्या जागी माझी वाट बघत उभे. पोरगा वाचला, आई वाचली. एवढा पेच उभा करून शेवटी सगळं फुकटात मिळालं. हा मला खेळणाऱ्याचा अपमान वाटतो.

फॉलआउट ४ तर सोडाच. चार पर्याय, होय, नाही, खवचट होय, आणि आणखी माहिती सांगा. कुठलंही दाबा, समोरचं पात्र तेच बोलणार. याला निवड म्हणायचं असेल तर लिफ्टचं बटण दहादा दाबणं पण निवडच आहे.

घाटवाट

मी गेम बनवणाऱ्या कंपनीत प्रोग्रामर आहे, नाव सांगत नाही. निवांत यांचं बरोबर आहे, पण ते असं का होतं ते सांगावंसं वाटतं, कारण दुखणं तिथेच आहे.

होय-नाही असे दहा निर्णय ठेवले आणि प्रत्येकाने गोष्ट खरोखर वेगळी करायची म्हटलं तर १०२४ गोष्टी होतात. वीस निर्णय ठेवा, दहा लाखांच्या वर. कोण लिहिणार, कोण आवाज देणार, कोण तपासणार? म्हणून सगळेजण नदीसारखं करतात, पात्र मध्येच दोन धारांत फुटतं, बेट येतं, पुढे परत एक होतं. आणि वाटेत काय काय झालं त्याच्या आठवणी म्हणून आपण फ्लॅग ठेवतो, बॅरन जिवंत आहे का, मुलं वाचली का, एवढंच, खरं-खोटं. पुढे कोणी भेटलं की तो फ्लॅग बघून वाक्य बदलतं. खेळणाऱ्याला वाटतं जग बदललं. चांगल्या लेखकाच्या हातात एक फ्लॅग आणि दोन वाक्यं पण काळीज हलवतात, हे मी स्वतः पाहिलंय.

पण काही जणांनी खरोखर पैसा ओतलाय. विचर २, २०११. पहिल्या भागाच्या शेवटी तुम्ही सैन्यातल्या रोशबरोबर जाता की बंडखोर आयोरवेथबरोबर त्याच्यावर सबंध दुसरा भाग बदलतो. एकीकडे केडवेनच्या सैन्याची छावणी, दुसरीकडे वेर्गेन शहर, तीच लढाई पण भिंतीच्या या बाजूने की त्या. म्हणजे एकदाच खेळणाऱ्या माणसाने त्या लोकांनी राबून केलेलं अर्धं काम बघितलंच नाही. ऑफिसात असं काही सुचवून बघा, पहिला प्रश्न येतो, जे बहुतेक लोक बघणार नाहीत त्यावर आपण खर्च का करायचा. माझ्याकडे त्याचं उत्तर आहे पण ते एक्सेल शीटमध्ये बसत नाही. जी दुसरी बाजू आपण पाहिली नाही ती खरंच तिथे आहे हे माहीत असणं, यानेच पाहिलेल्या बाजूला वजन येतं.

दुसरा आवाजाचा खर्च. जुन्या गेममध्ये नायक बोलायचा नाही, सगळं लिहिलेलं, म्हणून आठ-नऊ उत्तरं देणं स्वस्त होतं. नायकाला आवाज दिला की प्रत्येक ओळ स्टुडिओत रेकॉर्ड करायची, मग उत्तरं आपोआप कमी होतात. फॉलआउट ४ मध्ये नायक बोलतो, तिथेच बरंच काही आलं.

आणि एक कारागिरी सांगतो, मला फार आवडते. फॉलआउट न्यू वेगास, २०१०, ऑब्सिडियनने साधारण दीड वर्षात केलेला. त्यात जवळजवळ कोणालाही मारता येतं, मोठमोठ्या पुढाऱ्यांनासुद्धा. मग सगळ्यांना मारलं तर गोष्ट संपणार कशी? त्यासाठी येस मॅन म्हणून एक यंत्रमानव आहे. त्याला गोळी घाला, तो दुसऱ्या यंत्रात शिरून परत हसत येतो आणि तुम्ही म्हणाल ते करतो. एक पात्र असं अमर ठेवलं म्हणून बाकी सगळं जग मर्त्य ठेवता आलं. याच्या उलट स्कायरिम बघा, महत्त्वाचा माणूस असेल तर तुम्ही कितीही वार करा, गुडघ्यावर बसतो आणि थोड्या वेळाने उठतो. त्याच मंडळींचा आधीचा मोरोविंड, २००२ चा, त्यात मारता यायचं. फक्त एक संदेश यायचा की भविष्यवाणीचा धागा तुटला, जुनी सेव्ह उघडा नाहीतर तुम्हीच बिघडवलेल्या या जगात राहा. राहा म्हणायचा! मी राहिलो होतो, महिनाभर.

रातकिडा

घाटवाट, ते बेटाचं फार पटलं. म्हणजे मी ज्याला रात्रभर रडलो ते आत एक खरं-खोटं होतं. विचित्र म्हणजे हे कळूनही काही कमी झालं नाही.

तिसरी_घंटा

मी नाटकवाली, गेम उशिरा शिकले, डिस्को एलिझियममुळे. पण मला वाटतं हे सगळं कुठून आलं ते बघितलं पाहिजे. १९७४ मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्स आला, कागद, फासे आणि चार मित्र. त्यात एकजण गोष्ट सांगणारा आणि बाकीचे पात्रं. सांगणाऱ्याने कितीही तयारी केली तरी एखादा म्हणतो मी दरवाजाने जात नाही, भिंत फोडतो, आणि सांगणाऱ्याला तिथल्या तिथे पुढचं रचावं लागतं. आपल्याकडे वगात हेच चालायचं, कथेचा सांगाडा ठरलेला आणि संवाद उभ्या उभ्या, समोरच्या गावाचा नूर बघून. सोंगाड्याला काय सुचेल ते फडाच्या सरदाराला माहीत नसायचं आणि त्याला ते सांभाळून घ्यावं लागायचं. संगणकाला सांभाळून घेता येत नाही, त्याला सगळं आधी लिहून ठेवावं लागतं. घाटवाट म्हणतायत तो सगळा त्रास या एका गोष्टीचा आहे. वेस्टर्न आरपीजी गेली कित्येक वर्षं त्या टेबलावरच्या माणसाची नक्कल करायला धडपडतायत.

डिस्को एलिझियम, २०१९, एस्टोनियाच्या लोकांनी केलेला. त्यात मारामारीची वेगळी यंत्रणाच नाही, नुसतं बोलणं आणि फासे. एक पोलिसवाला दारूने स्मृती घालवून हॉटेलच्या खोलीत उठतो, अंगावर जेमतेम कपडे, टाय पंख्याला लटकतोय. तो टाय काढायला गेलात आणि फासे वाईट पडले तर हृदय बंद पडून गेम तिथेच संपू शकतो, पहिल्या पाच मिनिटांत! मी घाबरले होते. नंतर लक्षात आलं की या गेममध्ये हरणं हाच अर्धा मजकूर आहे. चोवीस कौशल्यं आहेत आणि ती सगळी डोक्यात बोलतात, एकमेकांशी भांडतात, कधी खोटं पण सांगतात. तर्क एक सांगतो, अंगातली भीती दुसरंच. नट म्हणून सांगते, भूमिका उभी करताना डोक्यात हाच गोंगाट असतो.

आणि किम कित्सुरागी. सोबतचा अधिकारी, शांत, वहीत टिपून घेणारा. तो ओरडत नाही, उपदेश करत नाही. तुम्ही मूर्खासारखं वागलात की फक्त क्षणभर गप्प राहतो. मी एकदा लाच घ्यायचा पर्याय दाबणार होते, माऊस वर नेला होता, आणि तो शेजारी उभा होता म्हणून नाही दाबला. पुढे गोळीबाराचा प्रसंग येतो, त्यात काय होतं ते सांगत नाही, पण तिथे मी फासे पडताना डोळे मिटून घेतले होते. जगातलं राज्य उलथवायच्या निवडीपेक्षा शेजारच्या माणसाला काय वाटेल याची निवड मला मोठी वाटली.

जुना_खेळगडी

बऱ्याच वर्षांनी लिहितोय. मी त्या काळातला जेव्हा सायबर कॅफेत तासाने पैसे देऊन खेळायचो आणि सेव्ह फाइल फ्लॉपीवर घरी न्यायचो.

पहिला फॉलआउट, १९९७. अणुयुद्धानंतर जमिनीखाली बंद असलेली वस्ती, पाणी शुद्ध करायची चिप बिघडते, ती आणायला १५० दिवस. घड्याळ खरंच चालतं, उगाच हिंडलात तर घरचे तहानेने मेले. शेवटी मास्टर भेटतो, सगळ्या मानवजातीला उत्परिवर्तित करून एकसंध करायचं त्याचं स्वप्न. त्याच्याशी लढता येतं. पण आधी नीट शोध घेतला असेल तर पुरावा मिळतो की त्याने घडवलेली जमात वांझ आहे, तिला पोरं होणार नाहीत. तो पुरावा दाखवून बोललात तर त्याला कळतं की आपण केलेलं सगळं वाया आहे, आणि तो स्वतःच सगळं संपवतो. एक गोळी न झाडता. आणि एवढं करून घरी परत यावं तर वस्तीचा प्रमुख म्हणतो, तू आता बाहेरचा झालास, तुला आत घेता येणार नाही. त्या क्षणी मला कॅफेवाल्याने वेळ संपली म्हणून सांगितलं होतं, मी तसाच बसून होतो.

पण खरं सांगायचं ते प्लेनस्केप टॉरमेंटबद्दल, १९९९. नायकाला नाव नाही. मरत नाही, फक्त मरून उठला की बऱ्याचदा आधीचं विसरतो. शवागारात उठतो. आणि मग जो भेटेल तो त्याला ओळखत असतो, कोणी घाबरतं, कोणी रडतं. डियोनारा नावाची मुलगी भूत होऊन त्याची वाट बघतेय, त्याच्याच आधीच्या एका अवताराने तिचं प्रेम वापरून तिला मरायला पाठवलं होतं. डॅकॉन नावाचा सोबती शपथेने बांधलेला बरोबर चालतो, ती शपथसुद्धा त्याच अवताराने डाव टाकून घेतलेली. म्हणजे निवडी झाल्या आहेत, मी केलेल्या नाहीत, पण माझ्या आहेत. आपल्याकडे याला संचित म्हणतात. इंग्रजी परीक्षणांत स्मृतिभ्रंश स्मृतिभ्रंश वाचून मला वाटायचं, यांना एवढं लांबून का जावं लागतंय, आमच्या आजीने एका शब्दात सांगितलं असतं.

त्यात रॅव्हेल नावाची म्हातारी चेटकीण विचारते, माणसाचा स्वभाव कशाने बदलू शकतो? खाली उत्तरांची यादी. प्रेम, पश्चात्ताप, वेदना, मृत्यू, काहीच नाही. मी अर्धा तास घालवला. आणि बरोबर उत्तर नाहीये. तिला फक्त त्याचं उत्तर ऐकायचं होतं. निवांत, तुमच्या हिशेबाने इथे निवडीने काहीच बदलत नाही. पण मी त्या वर्षी बारावी नापास होऊन घरात बसलेलो होतो, आणि मी पश्चात्ताप निवडलं होतं. ते उत्तर मी कोणाला तोंडाने देऊ शकलो नसतो.

निवांत

जुना_खेळगडी, तुमच्या प्रतिसादाला उत्तर नाही माझ्याकडे, मान्य.

मग माझं दुखणं पण सांगतो. मास इफेक्ट. २००७, २०१०, २०१२, तीन गेम, एकच सेव्ह फाइल पुढे पुढे नेली. शेकडो निर्णय. आणि शेवटी तीन रंगांतला एक निवडा, लाल निळा हिरवा, आणि तिन्हीत जवळजवळ तोच चित्रपट. लोक एवढे चिडले की जून २०१२ मध्ये वाढवलेला शेवट द्यावा लागला. मी तेव्हापासून यांच्यावर विश्वास ठेवला नाही. पाच वर्षं जपलेलं, एकदम हातातून काढून घेतल्यासारखं वाटलं होतं.

घाटवाट

शेवट फसला, वाद नाही. पण त्याच तिसऱ्या गेमच्या मध्यावर तुचांका आठवा, क्रोगन जमातीचा ग्रह. या जमातीवर जिवंत मुलं क्वचितच जन्मावीत असा रोग सोडलेला असतो, आपला सोबती शास्त्रज्ञ मॉर्डिन त्यावर औषध शोधतो. पहिल्या गेममध्ये तुम्ही आपल्या क्रोगन सोबत्याला, रेक्सला, वाचवलं असेल तर क्रोगनांचं भलं होईल अशी आशा आहे आणि मॉर्डिन औषध हवेत सोडायला एका मनोऱ्यात जातो, गाणं गुणगुणत जळतो. पण पहिल्यात रेक्स मेला असेल आणि दुसऱ्यात तुम्ही संशोधनाची माहिती नष्ट केली असेल, तर जमातीचा म्होरक्या लढाईखोर, जिच्यावर जमातीची आशा होती ती क्रोगन बाई मेलेली, आणि तेव्हा तुम्ही मॉर्डिनला समजावू शकता की नको सोडू औषध. तो ऐकतो. वाचतो. पाच वर्षांपूर्वी समुद्रकिनाऱ्यावर झाडलेल्या एका गोळीचा हिशेब. माझ्यासाठी शेवट तोच होता.

निवांत

हा रस्ता आहे हेच मला माहीत नव्हतं. माझा मॉर्डिन गेला होता. मी त्याला जाऊ दिलं, आणि मला वाटत होतं तो जाणारच होता.

कोवळं_ऊन

मी आणि भाऊ बॉल्डर्स गेट ३ एकत्र खेळलो, तो टोरोंटोला मी पुण्यात, माझी सकाळ त्याची रात्र. २०२३ चा, बेल्जियमच्या लॅरियनचा. दोघांत खेळताना एकजण बोलत असतो, दुसऱ्याला ऐकता येतं आणि कुठलं उत्तर दे ते खूण करून सुचवता येतं, पण दाबणारा तोच. दादाने कधी माझं ऐकलं नाही, लहानपणी पण नाही.

त्याने डार्क अर्ज घेतला होता, म्हणजे ज्याच्या रक्तातच खून आहे असा नायक. एक गाणारी मुलगी आमच्या तळावर मुक्कामाला आली, अल्फिरा. सकाळी बघतो तर ती मेलेली आणि याचे हात रक्ताने माखलेले. मी ओरडले त्याच्यावर, का केलंस. तो म्हणाला अगं मी काही दाबलंच नाही, मला विचारलंच नाही! खरंच विचारत नाही तिथे गेम. मग पुष्कळ पुढे परत तशीच रात्र येते, आता ज्याच्यावर जीव जडलाय त्याला मार म्हणून आतून हुकूम येतो, आणि या वेळी नाही म्हणता येतं. म्हटलं की फासे. दादाने त्या रात्री पहिल्यांदा मला विचारलं, काय करू. स्वतःला बांधून घे, सांग त्यांना, मी म्हटलं. सांगितलं त्याने. रात्रभर त्याला बांधून ठेवलं.

निवांत, तुमच्या एअरिथचं आणि रातकिड्याच्या बॅरनचं भांडण आहे ना, मला वाटतं ते इथे दोन्ही एकत्र आहे. पहिल्यांदा विचारलं नाही म्हणून दुसऱ्यांदा विचारलेलं कळलं.

रातकिडा

सगळ्यांचे आभार, एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं. बाभूळ यांचा "कोणासाठी चांगला" डोक्यातून जाईना म्हणून या शनिवार-रविवारी विचर परत सुरू केला. वेलेनपर्यंत आलो तेव्हा आईला मुद्दाम बोलावलं, म्हटलं या वेळी तू सांग, मी फक्त बटणं दाबतो.

उंबरठ्यापर्यंत तिने सगळं नीट ऐकलं. झाडाखालच्या आत्म्याजवळ आल्यावर तिने दोन्ही बाजू विचारून घेतल्या आणि म्हणाली, जे गोड बोलून सोडव म्हणतं त्याला सोडवू नये. मारलं. मुलं गेली, तिला फार वाईट वाटलं, उठून आत गेली आणि परत आली. मग शेवटी दलदलीत ॲना सापडते, जिवंत, पण वेडी झालेली. आणि बॅरन, दारू सोडलेला, पश्चात्ताप झालेला, म्हणतो मी हिला लांब निळ्या डोंगरांत एका वैद्याकडे नेतो, बरी करतो. सगळीकडे लोक याला त्यातल्या त्यात चांगला शेवट म्हणतात. मी पण म्हणायचो.

आई म्हणाली, "म्हणजे परत त्याच्याच हातात दिलं तिला? आता तर तिला नाही पण म्हणता येत नाही."

मी म्हटलं अगं तो सुधारलाय. ती म्हणाली तिला विचारा ना मग. तिला मुलीकडे ठेवायचं कुठे लिहिलंय ते दाब. तमारा तिथेच उभी होती. मी पडद्यावर होत्या त्या सगळ्या ओळी तिला एकेक करून मराठीत वाचून दाखवल्या. तशी ओळ नव्हती.